हात आखडता असताना माणसे कशी जपावीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पगारातून घरभाडे आणि शिक्षणासाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता गेल्यावर जेमतेम महिना निभेल एवढीच रक्कम तुमच्या हाती उरते. जुन्या मित्रमैत्रिणींचा गट दर आठवड्याला बाहेर जेवायला भेटतो, बिल सर्वांत सारखे वाटून घेतो, आणि आता चार महिन्यांनंतरच्या एका सहलीचा बेत करतो आहे. काही काळापासून तुम्ही ‘काम आहे’, ‘वेळ नाही’ अशी कारणे सांगून भेटी टाळल्या, आणि आता बोलावणेच येईनासे झाले आहे. खर्च न वाढवता हे संबंध टिकवता येतील का, आणि सहलीचे काय करावे, असे तुम्ही विचारले आहे.

संबंध टिकवता येतील. घरखर्चाचे नियोजन आणि कर्जफेड यांविषयी सल्ला देणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. पैशाच्या ओढाताणीत ज्यांची मैत्री तुटली अशी पुष्कळ माणसे मी पाहिली, आणि त्यांच्या हकिकतींमध्ये दोन गोष्टी जवळजवळ नेहमी आढळल्या: त्यांनी खरे कारण न सांगता नकार दिले होते, आणि स्वतःहून एकही बेत सुचवला नव्हता. समोरच्याला पैशाची अडचण दिसत नाही, त्याला फक्त आपले दूर जाणे दिसते, आणि मग तोही भिडेखातर विचारणे थांबवतो. स्वस्तात किंवा फुकटात कुठे भेटता येईल याच्या याद्या हव्या तितक्या मिळतात, परंतु जिथे बोलणेच थांबले आहे तिथे त्या याद्यांचा काही उपयोग होत नाही. त्यामुळे जागांपेक्षा रक्कम, माणसे आणि बोलणे यांविषयी मी अधिक लिहिणार आहे.

उत्पन्न घटले किंवा देणी वाढली की खर्चाच्या वहीतून सर्वांत आधी भेटीगाठी वजा होतात, कारण भाड्याला आणि हप्त्याला हात लावता येत नाही आणि मित्रांसोबतचा खर्च चैनीचा वाटतो. ही वजाबाकी महागात पडते. ज्युलियान होल्ट-लुन्स्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्या अभ्यासांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती, आणि ज्यांचे सामाजिक संबंध बळकट होते त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये याच विषयावर आयोग नेमला, आणि त्याच्या २०२५ च्या अहवालात जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणा ग्रासतो असा अंदाज मांडला. आरोग्याखेरीज याला रोकड बाजूही आहे. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की नव्या नोकरीची माहिती पुष्कळदा जिवलगांकडून न येता क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्या माणसांकडून येते, कारण जिवलगांना ठाऊक असते ते बहुतेक आपल्यालाही ठाऊक असते. ज्याला उत्पन्न वाढवायचे आहे त्याने नेमक्या त्याच काळात ओळखी तोडणे म्हणजे स्वतःची वाट स्वतः बुजवणे होय.

आता रकमेकडे वळू. मागच्या तीन महिन्यांचे बँकेचे विवरण आणि मोबाइलवरून केलेली देणी समोर घ्या, आणि लोकांना भेटण्यासाठी झालेला प्रत्येक खर्च वेगळा काढा. त्यात केवळ बिले धरून भागत नाही. जाण्यायेण्याचे भाडे, उशीर झाला म्हणून केलेले खासगी वाहन, तिकिटे, वाढदिवसाच्या वर्गण्या, भेटवस्तू, त्या एका प्रसंगासाठी घेतलेला कपडा, हे सर्व त्यात धरावे लागते. अनेकांच्या बाबतीत प्रत्यक्ष भेटीपेक्षा भेटीभोवतीचा हा खर्च मोठा निघतो, आणि तो निघाला की काही तोडगे आपोआप दिसतात: भेटीची वेळ सार्वजनिक वाहन मिळेल अशी ठेवली किंवा भेटीचे ठिकाण दोन घरांच्या मध्ये घेतले, तर माणूस न गमावता खर्च उतरतो. यानंतर पुढच्या बारा महिन्यांतील लग्ने, मोठे वाढदिवस, गावाबाहेरचे समारंभ यांची अदमासे बेरीज करून तिला बाराने भागा. असे खर्च अचानक आले म्हणून लोक कर्ज काढतात, वास्तविक त्यांपैकी बहुतेकांच्या तारखा कितीतरी आधी ठाऊक असतात.

उत्पन्नाचे ५० टक्के गरजांना, ३० टक्के इच्छांना आणि २० टक्के बचत व कर्जफेडीला, असे एक सूत्र सर्वत्र सांगितले जाते. तुमच्या परिस्थितीत ते लागू पडत नाही, कारण भाडे आणि हप्ता यांतच निम्म्याहून अधिक उत्पन्न जाते, आणि सूत्र पाळता येत नाही म्हणून नियोजनच सोडून देणारी माणसे मी पाहिली आहेत. तुम्ही उलट्या बाजूने मोजावे. भाडे, हप्ता, खाणेपिणे, औषधे, प्रवास आणि अडीअडचणीसाठी बाजूला टाकायची लहानशी रक्कम वजा करा, आणि जे उरेल त्यातून भेटीगाठींसाठी एक ठरावीक आकडा काढा. आकडा लहान असला तरी चालेल, परंतु तो शून्य नसावा. शून्य ठरवणारा माणूस दोन महिने घरात बसतो आणि तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी तीन महिन्यांचे पैसे उडवतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. ही रक्कम वेगळ्या खात्यात किंवा पाकिटात ठेवावी आणि महिन्याऐवजी आठवड्याचा हिशेब करावा, कारण महिन्याची रक्कम पहिल्या पंधरवड्यातच संपण्याची खोड जवळजवळ सर्वांना असते. एखाद्या आठवड्याचे पैसे उरले तर ते पुढे न्यावेत. तीन-चार आठवडे असे साठले की एका खर्चिक भेटीला निर्धास्तपणे हो म्हणता येते.

रक्कम ठरली की ती कोणावर खर्चावी हे ठरवावे लागते, आणि याच ठिकाणी माणसे संकोचतात, कारण मैत्रीची अशी मोजदाद करणे त्यांना हिशेबी वाटते. मला ते तसे वाटत नाही; ज्याच्याजवळ थोडे आहे त्याने ते कुठे जाते हे पाहिलेच पाहिजे. मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मांडणीनुसार एक माणूस साधारण १५० जणांशी अर्थपूर्ण ओळख राखू शकतो, आणि त्या वर्तुळाच्या आत ५०, १५ आणि सर्वांत आत ५ अशी जवळिकीची वलये असतात. तुमच्या गटात समजा दहा जण असतील, तर त्यांतील सर्वच जण आतल्या वलयातील नसणार. ज्यांच्याशी तुम्ही अडचणीत बोलता, जे तुमच्याशी बोलतात, अशी दोन-तीन माणसे असतील आणि बाकीची त्या गटामुळे भेटणारी असतील. दर आठवड्याला दहा जणांसोबत दोन तास बसून केलेला खर्च या दोन-तीन जणांशी पाच मिनिटांचेही बोलणे घडवून आणत नाही, असे होत असेल तर तो खर्च चुकीच्या जागी होतो आहे. गटाच्या भेटीला महिन्यातून एकदा जावे, आणि उरलेले आठवडे त्या दोन-तीन जणांना एकेकटे भेटावे. दोन माणसांना भेटायला टेबल राखून ठेवावे लागत नाही.

मैत्री ज्याने घडते ती वस्तू वेळ आहे, हे म्हणणे केवळ भावनेचे नाही. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओळखीचा माणूस साधा मित्र होण्यास साधारण ५० तास, मित्र होण्यास ९० तास आणि जिवलग होण्यास २०० हून अधिक तास एकत्र घालवावे लागतात असे आढळले. त्यातही केवळ कामानिमित्त सोबत घालवलेल्या तासांचा वाटा तुलनेने कमी होता, तर गप्पा, थट्टामस्करी, खेळ अशा रिकाम्या वेळेचा अधिक होता. म्हणून खर्चाकडे दर भेटीच्या हिशेबाने न पाहता दर तासाच्या हिशेबाने पाहावे. गोंगाटात घालवलेल्या दीड तासाचा खर्च आणि रविवारी सकाळी चालत घालवलेल्या तीन तासांचा खर्च या दृष्टीने शेजारी मांडला, तर कुठली भेट परवडते हा प्रश्न पुष्कळसा सुटतो.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ‘वेळ नाही’ हे कारण तुम्ही निवडलेत, कारण ते पैसे नसल्याच्या कबुलीपेक्षा मानाचे वाटते. ऐकणाऱ्याच्या बाजूने चित्र नेमके उलटे असते. ग्रँट डॉनेली, अ‍ॅशली व्हिलन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात निमंत्रण नाकारताना वेळेचे कारण देणारे आणि पैशाचे कारण देणारे यांची तुलना केली होती. पैशाचे कारण देणारी माणसे अधिक विश्वासू वाटली, आणि त्यांच्याविषयीची जवळीक कमी घटली, कारण पैशाची तंगी माणसाच्या हातात नसते असे ऐकणारा मानतो, तर वेळ मात्र मनात असल्यास काढता येतो असे त्याला वाटते. याचा अर्थ असा की ‘काम आहे’ असे सांगून तुम्ही स्वतःची इभ्रत राखली असे तुम्हाला वाटत होते, तेव्हा तुमच्या मित्रांपर्यंत पोहोचलेला निरोप ‘तुमच्यासाठी वेळ काढावासा वाटत नाही’ असा होता. त्यांनी बोलावणे थांबवले यात त्यांचा दुष्टपणा नाही. त्यांनी तुमचा शब्द खरा मानला.

तेव्हा आता खरे कारण सांगावे, आणि ते कसे सांगावे यालाही महत्त्व आहे. संपूर्ण गटासमोर, बिल आल्यावर किंवा बेत पक्का झाल्यावर सांगू नये. त्या वेळी सर्वांचीच पंचाईत होते आणि कोणीतरी घाईने ‘तुझे मी भरतो’ म्हणतो. गटातील जी व्यक्ती बहुतेक बेत ठरवते तिला आधी एकटीला गाठावे. पगाराचा आकडा, कर्जाची रक्कम, घरातील परिस्थिती यांतील काहीही उघड करण्याची आवश्यकता नाही. सांगण्यात तीन गोष्टी असाव्यात: मर्यादा, इच्छा आणि पर्याय. उदाहरणार्थ, ‘पुढचे वर्षभर मला हप्ता फेडण्यावर भर द्यायचा आहे, म्हणून बाहेरच्या जेवणाला मी महिन्यातून एकदाच येईन. मधल्या काळात मी भेटी टाळल्या त्याचे कारण हेच होते. तुम्हा सर्वांना भेटायचे मात्र आहेच, तर या रविवारी सकाळी तलावाकडे चालायला येशील का?’ यातील पहिल्या वाक्यात कालावधी आहे, त्यामुळे ही परिस्थिती कायमची नाही हे कळते. दुसऱ्या वाक्याने मागील गैरसमज दूर होतो. तिसरे वाक्य सर्वांत मोलाचे आहे, कारण त्याविना पहिली दोन वाक्ये केवळ गाऱ्हाणे होतात आणि समोरच्याला काय करावे ते कळत नाही.

हे एकदाच सांगावे. दर भेटीला पैशाचा विषय काढला की मित्र संकोचतात, स्वतःच्या खरेदीविषयी किंवा प्रवासाविषयी तुमच्यासमोर बोलेनासे होतात, आणि जी मोकळीक राखण्यासाठी हे सारे केले तीच हरवते. एकदा मर्यादा सांगून झाली की पुढच्या प्रत्येक नकाराला ‘या वेळी नाही, पुढच्या महिन्यात नक्की’ एवढे पुरते. कार्यालयातील सहकारी किंवा वरिष्ठ यांच्यासमोर कारण सांगणे प्रत्येक वेळी शहाणपणाचे नसते. तिथे खोटे कारण न रचता ‘या वेळी जमणार नाही, पण बोलावल्याबद्दल आभार’ असे म्हणून थांबावे.

नकाराचे भय आपण वाढवून घेतो, यालाही आधार आहे. ज्युलियन गिव्ही आणि कॉलीन कर्क यांच्या २०२३ मधील संशोधनानुसार निमंत्रण नाकारणाऱ्याला जितके वाटते तितके निमंत्रण देणाऱ्याला वाईट वाटत नसते. दुसऱ्या बाजूने, पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये असे दाखवले की बऱ्याच दिवसांनी एखाद्याची सहज विचारपूस केली तर त्याला किती बरे वाटेल याचा अंदाज आपण कमी करतो. आणि विचारपूस जितकी अनपेक्षित तितका तिचा आनंद मोठा. तुमचा संपर्क काही काळ तुटला आहे, म्हणून आता फोन करणे विचित्र दिसेल अशी भीती तुम्हाला वाटत असेल तर ती बाजूला ठेवावी. फोनच करावा, लिखित निरोपावर थांबू नये. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०२१ च्या प्रयोगांत जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधताना आवाजातून बोलणे अवघडल्यासारखे होईल असे लोकांना आधी वाटले. प्रत्यक्षात अवघडलेपण जाणवले नाही आणि जवळीक मात्र लिखित संवादापेक्षा अधिक वाटली.

पर्याय सुचवण्याचे काम तुमच्याकडे आल्यामुळे तुमची स्थितीही बदलते. जो बेत ठरवतो तो खर्चाची पातळी ठरवतो. केवळ बोलावण्याची वाट पाहणाऱ्याच्या हाती हो किंवा नाही एवढेच उरते. बेत ठरवताना शक्यतो वार आणि वेळ कायमची बांधून टाकावी. दर वेळी नव्याने दिवस जुळवत बसले की चार माणसांच्या चार अडचणी निघतात आणि भेट लांबते. ‘दर पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता’ असे ठरले की न येणारा कळवतो आणि येणारे येतात. लंडनमधील बुशी पार्क येथे २ ऑक्टोबर २००४ रोजी तेरा धावपटूंसह सुरू झालेला पार्करन हा पाच किलोमीटरचा साप्ताहिक उपक्रम आज अनेक देशांत चालतो; त्यात भाग घेण्यास शुल्क नाही, स्वयंसेवक तो चालवतात, आणि वार व वेळ बदलत नाही. धावण्याची आवड नसली तरी त्याची रचना अभ्यासण्याजोगी आहे. प्रवेशाला पैसे लागत नसल्यामुळे कोणाच्या खिशाचा प्रश्नच उद्भवत नाही, आणि दर आठवड्याला तीच तोंडे दिसत राहिल्यामुळे ओळख आपोआप मुरते.

वारंवार दिसण्याचे हे महत्त्व फार पूर्वीच लक्षात आले आहे. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ले शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या एका वसाहतीतील मैत्री पाहिली, तेव्हा ज्यांची दारे जवळ होती किंवा ज्यांचा जाण्यायेण्याचा मार्ग एक होता त्यांच्यात मैत्री होण्याचे प्रमाण बरेच अधिक आढळले. तुमच्या आयुष्यात जे मार्ग आधीच आहेत त्यांवर माणसे आणून बसवणे, हा तंगीच्या काळातील सर्वांत स्वस्त उपाय आहे. बाजारहाट करायची आहे, तर सोबत करावी. कोणी घर बदलत असेल तर सामान हलवायला जावे. अशा एका दिवसात बाहेरच्या चार जेवणांत होत नाही एवढे बोलणे होते. परीक्षेचा किंवा नव्या कौशल्याचा अभ्यास चालू असेल तर ग्रंथालयात समोरासमोर बसून करावा आणि मध्ये चक्कर मारावी. लहान मुले असलेल्या मित्रांना तर रात्रीच्या खर्चिक भेटीपेक्षा दुपारी उद्यानात मुले खेळत असताना झालेली भेट अधिक सोयीची असते, हे त्यांना विचारल्यावरच कळते. नव्या ओळखींसाठी स्वयंसेवी काम उपयोगी पडते: नाट्यमहोत्सव, व्याख्यानमाला, धावण्याच्या स्पर्धा यांना मदतनीस लागतात, आणि मदतनिसाला बहुधा प्रवेशिका घ्यावी लागत नाही.

समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी घर आणि कामाची जागा यांखेरीज माणसाला एक ‘तिसरी जागा’ लागते असे १९८९ मध्ये मांडले. जिथे कोणीही येऊन बसावे, बोलावे आणि निघून जावे अशी. ग्रंथालये, उद्याने, मैदाने, वाचनमंडळे या जागा ज्या वस्तीत असतात तिथे कमी पैशात माणसे भेटतात, आणि त्या नसतात तिथे प्रत्येक भेटीला बिल जोडले जाते. ज्यांच्या भागात अशी जागा उरलेली नाही त्यांची अडचण वैयक्तिक काटकसरीने पूर्णपणे सुटत नाही, हे मी मनापासून मान्य करतो, आणि स्थानिक प्रशासनाकडे अशा जागांची मागणी करणे मला सामाजिक जीवनाच्या नियोजनाचाच भाग वाटते.

घरी बोलावणे स्वस्त पडते, पण ते आपोआप नाही. यजमानाने सारे काही स्वतः करायचे ठरवले तर बाहेरच्या बिलातील वाट्यापेक्षा अधिक खर्च येतो. बोलावतानाच ‘प्रत्येकाने एक पदार्थ आणावा, जागा माझी’ असे सांगावे, आणि पाहुण्यांची संख्या घराला आणि खिशाला पेलेल एवढी ठेवावी. असे स्पष्ट सांगितल्याने पाहुण्यांनाही बरे वाटते, कारण काय न्यावे हा त्यांचा घोळ मिटतो.

महिन्यातून एकदा जेव्हा गटासोबत बाहेर जाल तेव्हा बिलाच्या वाटणीचा प्रश्न येईल. उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एका उपाहारगृहात प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवले की बिल सर्वांत सारखे वाटले जाणार असे आधी ठाऊक असले की माणसे अधिक मागवतात; मात्र त्याच लोकांना विचारले तेव्हा बहुसंख्यांनी ज्याचे त्याने द्यावे ही पद्धत पसंत केली. म्हणजे सारखी वाटणी तुमच्याखेरीज इतरांनाही खुपत असण्याची शक्यता मोठी आहे, केवळ आधी कोण बोलणार एवढाच प्रश्न असतो. हे बोलणे मागवण्यापूर्वी करावे: ‘मी आज थोडेच घेणार आहे, माझे बिल वेगळे ठेवूया.’ जेवण झाल्यावर हीच मागणी केली तर ज्यांनी अधिक मागवले त्यांना ती टोमण्यासारखी लागते. जेवण टाळून नंतरच्या गप्पांना येणे हाही एक मार्ग आहे, मात्र तो आधी कळवून वापरावा.

कोणी तुमचे पैसे भरू म्हणाले तर काय करावे, हे तुम्ही विचारलेले नाही, पण खरे सांगितल्यावर हा प्रसंग येणारच. मिंधेपणाच्या भीतीने प्रत्येक वेळी झिडकारू नये. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मध्ये अनेक समाजांतील देण्याघेण्याचा अभ्यास मांडला. त्यात देणे, घेणे आणि परत करणे या तिन्ही गोष्टी संबंधाच्या बंधनात येतात, म्हणून घेण्यास नकार देणे हेही संबंध नाकारण्यासारखे ठरते. परतफेड त्याच रूपात आणि त्याच दिवशी करावी लागत नाही. अर्ज लिहून देणे, बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणे, मुलांना एक संध्याकाळ सांभाळणे, मुलाखतीची तयारी करून घेणे, यांतील जे तुम्हाला येते ते द्यावे. माझी मर्यादा एकच आहे: एकाच व्यक्तीकडून लागोपाठ घेऊ नये, आणि भेटीगाठींसाठी कधीही उसने घेऊ नये, क्रेडिट कार्डावर तर मुळीच नाही. कार्डाचे बिल पूर्ण फेडले नाही की त्या संध्याकाळच्या खर्चावर व्याज चढते, त्या व्याजावर पुढच्या महिन्याचे व्याज चढते, आणि शिक्षणाच्या कर्जाच्या तुलनेत तो दर बहुधा कितीतरी अधिक असतो.

भेटवस्तूंविषयी चिंता नसावी. फ्रान्सिस फ्लिन आणि गॅब्रिएल अ‍ॅडम्स यांनी २००९ मध्ये दाखवले की देणाऱ्याला महाग वस्तूचे अधिक कौतुक होईल असे वाटते, घेणाऱ्याच्या कौतुकाचा मात्र किमतीशी तसा संबंध आढळत नाही.

हे सर्व करूनही काही जण दूर जातील, आणि ते आधीच गृहीत धरावे. काही मैत्र्या विशिष्ट जागांभोवती आणि खर्चाभोवतीच उभ्या असतात. तुम्ही कारण सांगितले, पर्याय सुचवले, दोन-तीनदा विचारले आणि तरीही प्रतिसाद आला नाही, तर त्या माणसाविषयी कटुता न धरता त्याला बाहेरच्या वलयात राहू द्यावे. वर्षा-दोन वर्षांनी परिस्थिती बदलल्यावर अशी नाती पुन्हा जुळलेली मी पाहिली आहेत. मात्र तुमची मर्यादा कळल्यावर जो तिची थट्टा करतो किंवा मुद्दाम दबाव आणतो, त्याच्यासाठी तुमच्या छोट्याशा रकमेतील एक पैसाही खर्च करू नये.

राहता राहिला सहलीचा प्रश्न. प्रथम संपूर्ण खर्च काढावा: प्रवास, मुक्काम, जेवणखाण, तिथे ऐनवेळी ठरणारे फिरणे, त्यासाठी लागणारी खरेदी आणि बिनपगारी रजा पडत असेल तर बुडणारे वेतन. ऐनवेळच्या खर्चासाठी आणखी पाचवा हिस्सा वाढवावा. आलेल्या बेरजेला उरलेल्या चार महिन्यांनी भागावे. ही मासिक रक्कम तुमच्या भेटीगाठींच्या ठरावीक रकमेतून आणि एखाद्या जादा कामाच्या मिळकतीतून निघत असेल, आणि त्यासाठी हप्ता किंवा अडचणीची शिल्लक यांना हात लावावा लागत नसेल, तर अवश्य जावे. मग मधल्या काळात गटाच्या महिन्याच्या जेवणालाही जाऊ नये आणि केवळ बिनखर्चाच्या भेटी ठेवाव्यात. निघत नसेल तर जाऊ नये, आणि हप्त्यांनी सहल विकणाऱ्या योजनांकडे वळू नये. संपूर्ण सहल परवडत नसेल पण ठिकाण जवळ असेल, तर एका दिवसापुरते जाऊन परतण्याचा पर्याय विचारून पाहावा.

नाही म्हणायचे असेल तर मुक्कामाची आगाऊ रक्कम भरली जाण्यापूर्वीच म्हणावे, कारण खोल्या आणि वाहन यांचा वाटा माणसांच्या संख्येवर ठरतो आणि उशिरा गळालेल्या माणसाचा भार इतरांवर पडतो. हाच फोन तुमची मर्यादा सांगण्याचाही असू द्यावा. त्यातच सहलीनंतरच्या पहिल्या रविवारी सर्वांनी तुमच्याकडे येऊन छायाचित्रे दाखवावीत असे निमंत्रण द्यावे, आणि तो रविवार आताच सर्वांकडून पक्का करून घ्यावा.